कशाला जायचं तिकडं?

रविवार, 9 नोव्हेंबर

कपाटाच्या लॉकरमध्ये ह्यांचा आणि माझा असे दोन पासपोर्ट पडून आहेत. छत्तीस-छत्तीस पानं, एकावरही शिक्का नाही. 2017 साली कोल्हापुरात पोस्टातच पासपोर्ट केंद्र सुरू झालं, पुण्याच्या खेपा वाचल्या, आणि ऑफिसात जो तो पासपोर्ट काढत सुटला. आम्हीही काढले. जायचं होतं कुठं? कुठंच नाही. असू दे, कधी लागला तर, एवढंच. मुलांचे पाच वर्षांचे मिळाले होते, ते केव्हाच संपले. आमचे 2027 ला संपतील.

हे सगळं आज आठवायला कारण कालचं लग्न. जेवायला शेजारी बसलेल्या बाई व्हिएतनामला जाऊन आल्या होत्या. त्याआधी बाली, त्याआधी दुबई. "तुम्ही?" म्हणाल्या. म्हटलं, आम्ही नाही कुठं गेलो. "म्हणजे, एकदाही नाही?" आणि लगेच वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानात आणखी एक जिलेबी वाढायला लावली. सांत्वन असावं.

राग आला नाही. पण परत येताना गाडीत तोच विचार. परदेशी न गेलेल्या माणसाबद्दल लोकांच्या दोनच समजुती असतात. एक तर याच्याकडं पैसा नसणार, नाहीतर याला कशाची हौसच नसणार. पैशाचं खोटं नाही. आपल्या देशात शंभरातल्या दहाजणांकडंही पासपोर्ट नाही, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत दुसरं कारण शोधत बसायची गरज नाही. पण आमच्यासारख्यांचं काय? आम्ही काश्मीरला जातो. विमानाची तिकिटं, हाउसबोट, गुलमर्गचा गोंडोला, पश्मिना म्हणून गळ्यात मारलेली शाल, सगळं परवडतं. मग थायलंडही परवडेल की. नोव्हेंबर 2023 मध्ये तर आपल्याला तिथला व्हिसासुद्धा माफ झाला. (मात्र "थायलंडला जाऊन आलो" असं ह्यांच्या ऑफिसात नुसतं म्हणायचा अवकाश, माणसं डोळे मिचकावायला लागतात. बायकोमुलांना घेऊन गेला असलात तरी.) म्हणजे पैसा हे अर्धंच उत्तर झालं.

माझ्या थोरल्या दिरांचं घ्या. गावाकडं ऊस आणि म्हशी. पहाटे धार, पुन्हा संध्याकाळी धार, मग किटली घेऊन डेअरीत, फॅट किती लागली ते बघायचं आणि घरी. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. एक म्हैस जाऊबाईंना दाद देते, बाकीच्यांना दीरच लागतात. पुतणीच्या लग्नात अक्षता पडल्या, फोटो झाले, आणि तासाभरात वधूपिता मोटरसायकलला किक मारून धारेला पसार. पाहुणे शोधतायत, व्याही शोधतायत. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "येतील की, धार काढून." आता या दिवसांत तर उसाची तोड. कारखान्याच्या चिटबॉयचा, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याचा, फोन आला की तोडकऱ्यांची टोळी कुठल्याही क्षणी शेतात, आणि आपण हजर नसलो तर टोळी पुढच्याच्या शेतात. बाकीच्या दिवसांत पाण्याची पाळी, तीही मोटरीला वीज रात्री येणार म्हणून रात्री. दिरांना कुणी युरोपबद्दल विचारलं तर ते फक्त "किती दिवस?" एवढंच विचारतील. दहा म्हटलं की विषय संपला. यात हौसेचा प्रश्न येतो कुठं? या माणसाला युक्रेनचं युद्ध कुठवर आलं ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. खताचे भाव त्यावर आहेत म्हणतात.

नोकरदारांचे पाय वेगळ्या दाव्याला बांधलेले. मी राज्य सरकारच्या सेवेत. आमची रजा प्रवास सवलत दोन तऱ्हेची, स्वग्राम आणि महाराष्ट्र दर्शन. म्हणजे सरकार मला गडचिरोलीपर्यंत न्यायला तयार आहे, त्यापुढं माझं मी बघायचं. केंद्रवाल्यांना देशभर कुठंही जाता येतं. त्यामुळं त्यांच्या घरात सवलतीचा चार वर्षांचा गट संपत आला की एकदम अंदमान नाहीतर शिलाँग सुचतं. भाडं मिळतंय म्हटल्यावर माणूस तिकडंच जाणार, आणि एकदा एवढी रजा आणि एवढे पैसे खर्चले की पुढची दोन वर्षं कोण पुन्हा हलतंय?

यावर बँकवाल्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडला होता. आमचे एक नात्यातले मामा सरकारी बँकेत होते, त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. नेमलेलं ठिकाण देशातलंच दाखवायचं, फक्त वाट जरा वाकडी करायची. स्टेट बँकेच्या अशाच एका प्रवासाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मार्ग होता दिल्ली, मदुराई, कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, कोलंबो आणि परत दिल्ली. निघाले होते मीनाक्षीच्या दर्शनाला! नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयानं सांगितलं की ही सवलत भारतातल्या प्रवासासाठी आहे, परदेशाला वळसा घातलात तर मिळालेल्या भाड्यावर करमाफी मिळणार नाही. बरोबरच आहे निकाल. पण ज्यानं तो मार्ग आखला त्याच्या हौसेबद्दल शंका घेता येईल का?

समोरच्या काकू मात्र दोनदा अमेरिकेला जाऊन आल्यात. दोन्ही वेळा सुनेच्या बाळंतपणाला, दोन्ही वेळा जवळजवळ सहा महिने. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची दुपटी, मेतकूट, सामानाचं वजन काट्यावर दोनदा करून घेतलेलं. अमेरिकेची गोष्ट सांगायला बसल्या की त्या तळघरातल्या कपडे वाळवायच्या मशीनची सांगतात, आणि स्वयंपाकघरात फोडणी केली की बोंबलणाऱ्या धुराच्या भोंग्याची. नायगारा एका शनिवारी झाला. "पाणी खूप आहे," म्हणतात. त्यांच्या पासपोर्टवर शिक्के आहेत, पण त्या हिंडायला अशा गेल्याच नाहीत. आमच्या ओळखीतल्या बहुतेक बायका अशाच गेल्या. पुरुष शिकायला किंवा प्रोजेक्टवर गेले. इथून परदेशी जायला भक्कम कारण लागतं, आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं लागतं. स्वतःला बघावंसं वाटलं म्हणून गेलं, हे सांगतानासुद्धा बाई चाचरते. तेच वैष्णोदेवीला निघालात तर गल्ली नारळ द्यायला येते.

आमच्या सासूबाईंना विचारलं तर त्या परदेशी गेलेल्या नाहीत. प्रत्यक्षात गेल्यात. काशी-प्रयाग-गया करणाऱ्या यात्रेच्या बसनं त्यांना सोनौलीहून नेपाळात नेलं होतं, पशुपतिनाथाला. निवडणूक ओळखपत्र दाखवलं, पदराच्या गाठीत शंभराच्या नोटा, की झालं. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं. गाइडनं सगळ्यांना काटे फिरवायला लावले, सासूबाईंनी फिरवले नाहीत. "पंधरा मिनिटांनं काय होतंय?" हद्द ओलांडली, चलन बदललं, वेळ बदलली, आणि बाईंच्या हिशेबी ती काशीयात्राच राहिली. देव आपला म्हटल्यावर देशही आपलाच.

जेवायची वेळ झाली. बाकीचं नंतर.

मंगळवार, 11 नोव्हेंबर

ऑफिसात आज त्याच लग्नाचा विषय निघाला आणि त्यातून ह्यांच्या मित्राचं व्हिसाचं पुराण आठवलं. मुलीकडं जायला म्हणून त्यांनी युरोपातल्या एका देशाचा व्हिसा मागितला. सहा महिन्यांचं बँकेचं स्टेटमेंट, तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न, घराचा उतारा, ऑफिसचं पत्र, 30,000 युरोचा विमा, परतीचं तिकीट. वर बोटांचे ठसे द्यायला मुंबई. उत्तर आलं की मुदतीत परत जाण्याच्या तुमच्या हेतूची खात्री पटत नाही. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. "अहो, शनिवारी गावाकडं गेलो नाही तर माझी आई जेवत नाही, मी तिथं राहून करू काय?" पुन्हा अर्ज करा, मिळेल, असं सगळे म्हणाले. त्यांनी केला नाही. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण आपल्याला चोर समजले हे त्यांच्या मनातून जात नाही. आता तेही विचारलं की म्हणतात, "आम्हाला तिकडची काही आवड नाही."

नावांची भानगड वेगळीच. लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं नवं नाव मला नको होतं आणि सुदैवानं ते कागदावर चढलंच नाही. सासूबाईंचं चढलं. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं, आणि जन्मतारीख अर्थातच 1 जून, गुरुजींनी दिलेली. पासपोर्टसाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्र म्हणताच त्यांनी हात जोडले. पशुपतिनाथाला एवढं लागलं नव्हतं.

माझं म्हणाल तर मला एक ठिकाण बघायचंय. फ्लॉरेन्स. चित्रं, चर्च वगैरे असतीलच, ती बघेन. पण मला जायचंय आमच्या राजाराम महाराजांसाठी. शाहू महाराजांच्या बरेच आधी होऊन गेलेले कोल्हापूरचे छत्रपती. 1870 साली, ऐन विशीत, इंग्लंडला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं मानायचा तो काळ. हिंडले, बघितलं, रोजच्या रोज डायरी लिहिली. ती पुढं 1872 मध्ये लंडनला छापूनही आली. परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. तिकडं तेव्हा दहनाची रीत कुठली? तरी खास परवानगी मिळवून, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. परक्या मुलखातही बरोबरच्या माणसांनी संगम शोधून काढला, हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. त्या जागी छत्री आहे, खाली महाराजांचा अर्धपुतळा, आणि जवळच्या पुलालाही त्या भारतीयावरूनच नाव पडलंय, पोंते आल इंदियानो. आमच्या गावातला हौसेनं जग बघायला निघालेला एक तरुण, आणि तो परत आला नाही. नंतर शाहू महाराज 1902 ला गेले ते राज्याभिषेकाच्या निमंत्रणावरून. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला गेले ते कुस्तीसाठी, आणि त्यांच्या पैशांसाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. राजाराम महाराजांनंतर उगाच असं कुणी गेलंच नाही इथून.

ह्यांना रात्री सांगितलं. ऐकून घेतलं, मग मोबाइलवर हिशेब मांडला. व्हिसाची फी जून 2024 पासून माणशी 90 युरो झालीय, म्हणजे सुमारे नऊ हजार, आणि नाकारला तर परत नाही. "अजून हंपी नीट बघितली नाही आपण," म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं, आणि खोटंही नाही. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर, तिथंच पाट्यांची लिपी बदलते. तेवढ्या अंतरात युरोपात कुठं कुठं देश संपतो. आमच्याकडं सीमा म्हटलं की माणूस पासपोर्ट काढत नाही, बेळगाववर बोलायला लागतो. पण मी म्हटलं, हंपी आपण लग्नाच्या वर्षापासून बघणार आहोत. तीही झालेली नाही. त्यावर हे हसले आणि लाईट बंद केला.

दिरांना फोनवर सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदाच "किती दिवस?" विचारलं नाही. म्हणाले, "महाराजांची समाधी आहे म्हणतीस? मग जा की." बघा, कारण भक्कम असलं की कसा सूर बदलतो.

उद्या आस्थापना शाखेत जाऊन परदेशी जायच्या परवानगीचा अर्ज कुणाकडं द्यायचा ते विचारते. तिथल्या क्लार्कनं असा अर्ज कधी बघितलाय की नाही कोण जाणे. अर्जात कारणाचा रकाना असणारच. तिथं "दर्शन" लिहिलं तर चालतं का, तेही विचारून घेते.