प्रगतिपुस्तकातले तीन रकाने

शिक्षणाचे तत्त्वज्ञान हा विषय आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांना डी.एड. किंवा बी.एड.च्या एका पेपरापुरता भेटतो. आदर्शवाद, निसर्गवाद, कार्यवाद; प्रत्येकाची ध्येये, अभ्यासक्रम, शिक्षकाचे स्थान असे मुद्दे गाईडमधून पाठ करायचे आणि नेमणुकीचा आदेश हाती पडला की विसरायचे, हा क्रम आता इतका रुळला आहे की त्याचे कोणाला काही वाटत नाही. माझ्या मते या विषयाची खरी जागा प्रगतिपुस्तकातल्या ‘विशेष प्रगती’, ‘आवड व छंद’ आणि ‘सुधारणा आवश्यक’ या तीन रकान्यांत आहे.

हे रकाने कसे आले ते पाहावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये मुलाचा सर्वांगीण विकास, कृतीतून शिकणे आणि भीतीपासून मुक्तता ही तत्त्वे नमूद आहेत. त्यांना धरून महाराष्ट्रात २०१०-११ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रकल्प अशा साधनांनी वर्षभर आकारिक, म्हणजे शिकत असतानाचेच, मूल्यमापन करावे, सत्राच्या शेवटी संकलित, म्हणजे एकत्रित, करावे आणि गुणांच्या जोडीला प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंदी लिहाव्यात, अशी ही योजना. परीक्षेचा धाक कमी करून मुलाकडे बघायला शिक्षकाला भाग पाडणारी अशी तरतूद मला तरी दुसरी आठवत नाही. प्रत्यक्षात काय झाले, तर थोड्याच काळात विषयवार तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या. ‘परिपाठात सहभाग घेतो’, ‘हस्ताक्षर सुंदर व वळणदार आहे’, ‘शालेय उपक्रमांत हिरिरीने भाग घेतो’. पटावरच्या क्रमाने ही वाक्ये आलटून पालटून उतरवली की काम संपले. त्यासाठी शिक्षकांना दोष देऊन भागणार नाही. मूल म्हणजे कोण आणि त्याची प्रगती कशाला म्हणायची, यावर ज्यांना कधी बोलूच दिले नाही, त्यांच्यापुढे कोरा रकाना ठेवल्यावर ते नोंदींची पुस्तिकाच शोधणार.

ऊसतोडीवरून परतलेली चौथीतली एक मुलगी माझ्या वर्गात होती. हातच्याची वजाबाकी वहीत मांडली की तिची हमखास चुके. मात्र मुकादमाकडून, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराकडून, घरच्यांनी घेतलेली आगाऊ उचल किती, त्यातली किती फिटली आणि उरलेली फेडायला अजून किती टन ऊस तोडावा लागेल, हा हिशेब ती बोटांवर मोजत तोंडी अचूक सांगे. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात वजाबाकीचे लिहिले तर ते खरेच होते. पण तो हिशेब ‘विशेष प्रगती’त लिहायचा की नाही? लिहिला, तर मुकादमाच्या वहीतले गणित शाळेने ज्ञान म्हणून मान्य केले असा त्याचा अर्थ होतो. गाळला, तर वहीत मांडलेले तेवढेच गणित, असे आपण ठरवून टाकतो. दोन्हीही तात्त्विक भूमिकाच आहेत, आणि नोंदवही पूर्ण करण्याच्या घाईत शिक्षक त्यांतली एक नकळत घेऊन मोकळा होतो.

असे प्रश्न आपल्याकडे नवे नाहीत. १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. तिच्याच जोडीला, नांगराचा रुमणा किंवा सुताराची तासणी हाती धरायला न लाजणारे शिक्षक हवेत, असेही बजावले. शिक्षक कसा असावा याचे उत्तर त्यांनी शिकणाऱ्याच्या जगण्यावरून काढले होते. बालशिक्षणाच्या क्षेत्रातल्या ताराबाई मोडकांनी बोर्डी या खेड्यात १९४५ पासून जे काम उभे केले, त्यातही हीच दृष्टी दिसते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची महागडी साधने खेड्यात परवडणार नाहीत म्हणून त्यांनी शंखशिंपले, बिया आणि खडे वापरले; मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर वस्तीतच अंगणवाडी भरवली. पुढे जवळच्याच कोसबाडला सहकारी अनुताई वाघांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. मूळ विचार पक्का असल्यामुळे पद्धत बिनदिक्कत बदलता आली.

याच्या उलट, ‘ज्ञानरचनावाद’ (मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचते, हा विचार) हा शब्द गेल्या दशकात राज्यभर गाजला, तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (शिक्षण विभागाच्या शाळागटाच्या) शाळा पाहायला शिक्षकांची रीघ लागली. तिथल्या शिक्षकांनी विचारपूर्वक केलेल्या कामातून इतर अनेक शाळांनी उचलली ती फरशीवरची रंगवलेली तक्ते-चित्रे. (रंगाचा खर्च बहुधा शिक्षकांच्याच खिशातून झाला, हेही इथे सांगायला हवे.)

आसपासच्या शाळांचे मिळून जे केंद्र असते, त्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, सध्या बहुतेक वेळ परिपत्रकांचे वाचन आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या सूचनांत जातो. त्यातला एक तास काढून प्रत्येक वेळी एकाच मुलाची नोंद सर्वांपुढे वाचावी, ती तशीच का लिहिली ते लिहिणाऱ्याने सांगावे आणि इतरांनी हरकती घ्याव्यात, एवढीच माझी सूचना आहे. अशैक्षणिक कामांतून वेळ कुठे आहे, असे सहकारी म्हणतात आणि ते खोटे नाही. पण २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याचीही तरतूद आहे. त्या मुलीसारखी एखादी पाचवीत अडकली, तर तिच्या पालकांना काय सांगायचे, हे तरी त्या तासात आधी बोलून घेता येईल.