किरकोळ

शनिवार, रात्री सव्वादहा

पाय भरून आलेत. आई आतल्या खोलीत घोरतेय आणि माझ्यासमोर बाबांची लाल कापडी बांधणीची वही उघडी आहे. वही आम्ही घरी आल्यावर काढली, पण आजचा दिवस लिहायचा तर सगळं त्या वहीपाशीच येऊन थांबतं.

आधी मूर्खपणा कबूल करते. आज सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने आईला घेऊन मुंबईला गेले. मुंबईत काम काहीही नव्हतं. डायनिंग कारमध्ये बसून नाश्ता करायचा आणि परत यायचं, एवढाच बेत. काल रात्री दादाला फोनवर सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "टोस्ट खायला एकशे ब्याण्णव किलोमीटर?"

"जाऊन-येऊन दुप्पट," मी म्हटलं.

"आईचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. घाटात दरड पडली तर?"

"तर डायनिंग कार आहे ना."

दादाला हे विनोद आवडत नाहीत. तो बाबांवर गेलाय असं सगळे म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही, आणि त्याचं कारण १९८६चा मे महिना.

मामाचं लग्न होतं, गिरगावात. आई दादाला घेऊन आठ दिवस आधीच गेली होती, त्यामुळे बाबा आणि मी दोघंच मागाहून निघालो. आमच्याकडे प्रवास म्हणजे एक शिस्तबद्ध मोहीम असे. दशम्या, लसणाची चटणी, भडंग, फिरकीचा तांब्या. स्टेशनवरचा चहा प्यायचा नाही, कारण तो 'पाण्याला लांबून दाखवलेला चहा'. एस.टी. शक्यतो रात्रीची, म्हणजे मुक्कामाचे पैसे वाचतात. अशा माणसाने त्या दिवशी डेक्कन क्वीनची तिकिटं का काढली हे मी कधी विचारलं नाही. लोणावळ्याच्या जरा अलीकडे ते उठले, शर्टाची इस्त्री हाताने सारखी केली आणि म्हणाले, "चल."

मांडीवरचा डबा त्यांनी शेजारच्या बाईंकडे सांभाळायला दिला. डबा भरलेला होता, हे महत्त्वाचं.

टेबलावर पांढरं कापड होतं. वेटरने विचारल्यावर बाबांनी दोन ऑम्लेट सांगितली, इतक्या सहज की जणू रोजच. आमच्या नारायण पेठेतल्या घरात अंडं सोडाच, अंड्याचा केकसुद्धा जिन्यावर उभं राहून खावा लागे. बाबांनी काटा पेनासारखा धरला होता. घाटात गाडी बोगद्यात शिरली, दिवे पिवळे झाले, मिरपुडीची बाटली टेबलावरून हळूहळू माझ्याकडे सरकत आली आणि बोगदा संपताना परत त्यांच्याकडे गेली. एवढं मला दिसतं. बाबा काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. खाऊन झाल्यावर त्यांनी रुमालाने माझं तोंड दोनदा पुसलं, जवळ येऊन वास घेतला, आणि तिसऱ्यांदा पुसलं.

लग्नातलं मला काहीही आठवत नाही. आहेराच्या फोटोत मी आहे, हातात नारळ आहे, चेहरा माझाच आहे. पण ती मुलगी दुसरी कुणी असल्यासारखी वाटते.

आज वही चाळताना कळलं की बाबांनी प्रत्येक सहलीला एक पान दिलंय. भाडे, धर्मशाळा, जेवण, अभिषेक, रिक्षा, आणि अगदी तळाशी 'किरकोळ'. बाकी सगळ्या ओळींना पावती किंवा निदान तपशील आहे. 'पोहे ३ प्लेट' वगैरे. किरकोळला नाही. माझी गंमत झाली ती इथे. प्रत्येक पानावरचं मला जे आठवत होतं ते त्या तळच्या ओळीतच बसत होतं. धर्मशाळांचे ओटे सगळे एकमेकांत मिसळलेत. रात्रीच्या एस.टी.ने वाचवलेले पैसे कुठे गेले देव जाणे.

मिरजेचं पान तर मी दोनदा वाचलं. कोल्हापूरहून येताना आत्याकडे एक दिवस उतरलो होतो. दुपारी सगळे आडवे झाल्यावर बाबा मला घेऊन बाहेर पडले आणि सतारमेकरांच्या गल्लीत शिरले. बाबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. आरतीत ते फक्त टाळ्या वाजवत, त्याही मागेपुढे. पण त्या गल्लीत आम्ही दोन तास होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी सांगितलं की त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. संस्थानात तलवारींचं काम उरलं नाही तेव्हा हात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. हे सगळे भाजीचे भोपळे नव्हेत, कडू जातीचे, वाळून टणक झालेले, आणि छताला टांगलेले असे ओळीने. मला वाटलं बिनचेहऱ्याची माणसंच वर बसली आहेत.

कोपऱ्यात एक टिचलेला भोपळा पडला होता. तंबोऱ्याला चालणार नव्हता. बाबांनी तो विकत घेतला.

का, हे कुणालाच सांगता आलं नाही, त्यांनाही नाही. परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत तो आळीपाळीने आमच्या मांडीवर होता. हलवला की आत बिया खुळखुळत. समोरच्या गृहस्थांनी आदराने विचारलं, "आपण वाजवता?" बाबा म्हणाले, "छे, हा आमचा नुसताच." दारात आईने त्याच्याकडे बघितलं आणि एकच प्रश्न केला, "याची भाजी होते का?"

तो अजून माळ्यावर आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, तेव्हा आईने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि वर बघून म्हणाली, "म्हणजे यालाही मिळालं म्हणायचं."

याच्या उलट माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी केरळात हाऊसबोटीवर एक रात्र काढली. पैसे इतके मोजले की पुढे चार महिने हप्ता भरत होते. नारळाची झाडं होती, पाणी होतं, फोटो आहेत. मला आठवते ती मच्छर अगरबत्तीची राख. तेव्हा चैन मोठी असून भागत नाही. उलट मला वाटतं मोठ्या चैनीचं आपण मनात सतत वसूल करत बसतो, आणि त्या भानगडीत बघायचं राहून जातं. चैन अशी हवी की तिचं समर्थन करता येऊ नये आणि करायची गरजही पडू नये. थोडी लाज वाटली पाहिजे. (महाबळेश्वरहून दोन टोपल्या स्ट्रॉबेरी आणल्या होत्या, पसरणीच्या घाटातच त्यांचा रस झाला आणि माझी ओढणी कायमची गुलाबी. ही चैन की नुसता गाढवपणा, अजून ठरलेलं नाही.)

तर आज. गाडी २०२२ पासून नव्या डब्यांची आहे, आणि डायनिंग कारही नवी. मला उगाच पिवळे दिवे हवे होते. १ जून १९३० पासून धावणारी गाडी, तिने माझ्यासाठी १९८६ मध्ये थांबून राहावं अशी अपेक्षाच चूक. शिवाजीनगर सुटल्यावर लगेच आईला घेऊन जाऊन बसले. सगळीकडे पासवाल्या मंडळींच्या गप्पा चालल्या होत्या. आईने पर्समधून डबा काढला. थालीपीठ.

"आई, अगं इथे खायलाच आलोय ना आपण."

"असू दे. लागलं तर."

तिने चीज टोस्ट मागवला, उलटसुलट करून पाहिला, म्हणाली, "पावाचं भलतंच कौतुक." मग सगळा खाल्ला. कडा आधी. मी ऑम्लेट सांगितलं. आईने आपली बशी बोटभर अलीकडे ओढून घेतली, बोलली काही नाही. घाट आला. जुलैतला घाट, डोंगर दिसतच नव्हता, नुसतं पाणी आणि मधूनच हिरवं काहीतरी. बोगद्यात शिरताना मी मिरपुडीकडे बघत होते. नव्या डब्यात ती जागची हलली नाही. आईने बोगदे मोजायला सुरुवात केली, नवव्याला चुकली, परत पहिल्यापासून मोजू लागली, बोगदे मात्र पुढचेच. मग दुसरा चहा मागवला. आई. दुसरा चहा. बाहेर!

मुंबईचं लिहिण्यासारखं काही नाही. "समुद्र बघायचा?" विचारलं तर "बघितलाय" म्हणाली. टॅक्सीने दादर, तिथून बस, एक्स्प्रेस वेवर थालीपीठ. चारला घरी. दादाचा फोन आला, आईने त्याला सांगितलं, "बरा होता टोस्ट. तू लिंबाचा रस घालून ती बटाट्याची भाजी करतोस ना, तीही बरी असते." याचा अर्थ तो अजून लावत असेल.

जेवणानंतर मी वही काढली. १९८६चं पान. भाडे, आहेर, व्हिक्टोरिया, आणि तळाशी 'किरकोळ १७.५०'. आईने चष्मा लावून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी तेव्हाच विचारलं होतं यांना, साडेसतरा कसले म्हणून. हमालाचे, म्हणाले."

मी गप्प.

"दोघांत मिळून एक पिशवी आणि एक डबा. डबा तर न उघडता परत आला होता. हमाल कशाला लागला?"

चाळीस वर्षं झाली. बाबांना जाऊन अकरा. आता सांगून काय बिघडणार होतं, पण तोंडातून निघालं ते हेच, "हमालच होता गं. चांगला होता. डोक्यावर घेतली पिशवी."

"हं," आई म्हणाली. वही मिटली नाही, माझ्याकडे सरकवली. "आजचंही लिहून टाक. पानं कोरी आहेत अजून."

मी तिकिटं लिहिली, टॅक्सी लिहिली, बस लिहिली. आई उठली, दार लोटता लोटता थांबली.

"आणि आजच्या हमालाचे किती झाले?"