आयपी ६८ आणि एक रिकामा रकाना

पाण्याखाली वापरायचा, वायरीविना चार्ज होणारा आणि बोटाच्या टिचकीने चालणारा हातदिवा तयार करायला मला चौदा महिने लागले. त्यांतले जवळजवळ तीन महिने एका छापील अर्जातल्या एका रकान्याने खाल्ले. त्या रकान्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तोच सांगते.

मालवण-तारकर्लीकडे स्कुबा शिकवणाऱ्या मंडळींना ऑक्टोबरचा हंगाम सुरू होताना दिवे द्यायचे कबूल केले होते. त्यांना आयपी ६८ चा, म्हणजे धूळ आणि पाणी आत न शिरण्याच्या दर्जाचा, अहवाल हवा होता, म्हणून जूनच्या सुरुवातीला मी एका प्रयोगशाळेत तीन नमुने आणि चाचणीचा अर्ज नेऊन दिला. अर्जात ‘खोली व कालावधी’ असा रकाना होता. मानक ठरलेले आहे म्हणजे खोलीही त्यातच दिलेली असणार, अशा समजुतीने मी तिथे ‘मानकानुसार’ असे लिहिले. सोळा दिवसांनी अर्ज ‘अपूर्ण’ या जांभळ्या शिक्क्यासह परत आला. काय अपूर्ण आहे, याबद्दल मात्र एक अक्षरही नव्हते. मी पत्ता तपासला, जीएसटी क्रमांक तपासला, प्रत्येक पानावर सही केली आणि अर्ज पुन्हा दिला. तो पुन्हा परत आला. तिसऱ्या वेळी मात्र संशय येऊन त्या रकान्यात ‘१ मीटर, ३० मिनिटे’ असे लिहिले, तेव्हा ‘विसंगत’ असा शेरा मिळाला. फोन घेणारे गृहस्थ दर वेळी “मॅडम, फॉर्म नीट भरा” एवढेच सांगत.

जुलै संपता संपता भर पावसात मी स्वतः गेले. खिडकीवर तेच उत्तर मिळाले. बाहेर चहाच्या टपरीवर तिथली दाबाची टाकी चालवणारे तंत्रज्ञ भेटले आणि त्यांनी दोन मिनिटांत उलगडा केला. आयपी ६७ ची चाचणी ठरलेली असते : १ मीटर पाण्यात ३० मिनिटे. आयपी ६८ साठी मात्र मानकात ठरावीक खोलीच नाही; चाचणी ६७ पेक्षा कडक हवी, बाकीच्या अटी उत्पादकाने आणि वापरणाऱ्याने आपसांत ठरवायच्या. “ताई, आकडा तुम्ही द्यायचा, आम्ही फक्त दाब देतो,” असे ते म्हणाले. हे एक वाक्य त्या शिक्क्याशेजारी लिहायला कोणाचे काय जात होते?

त्याच संध्याकाळी मालवणला फोन करून विचारले. नवशिके दहा मीटरच्या आतच असतात आणि शिकवणारेही तिशीच्या खाली जात नाहीत, असे कळले. म्हणून ‘३० मीटर, १ तास’ असे लिहिले आणि अर्ज एका फटक्यात स्वीकारला गेला. आकडा कागदावर छोटा दिसतो, पण दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. माझ्या दिव्याच्या ५ सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर तीस मीटरवर सुमारे ६० किलोचा भार येतो, तर एक मीटरवर जेमतेम दोन किलोचा. टाकीची तारीख मिळायला आणखी पाच आठवडे गेले, ते वेगळेच.

त्या पाच आठवड्यांचा एक फायदा झाला. होडीच्या फळीवर उन्हात तापलेला दिवा थेट पाण्यात जातो, तेव्हा आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी आत ओढते. टाकीत नमुना आणि पाणी यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, त्यामुळे हा दोष तिथे दिसत नाही. मी ऊन पडलेल्या एका दुपारी दिवे गच्चीवर तापवून बर्फाच्या बादलीत टाकले. एका काचेच्या आत धुके धरले. उघडून पाहिले तर ओ-रिंगवर, म्हणजे सांधा पाणीबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यावर, आडवा पडलेला, पुसायच्या फडक्याचा केसाएवढा धागा सापडला. तेव्हापासून रिंगला फडके लावत नाही, बोटानेच ग्रीस फिरवते, म्हणजे कचकच लगेच हाताला लागते. रिंग सिलिकॉनची असेल तर सिलिकॉनचे ग्रीस लावू नये, ती फुगते. आमची नायट्राइल या रबराची आहे.

टचचे सांगायचे राहिले. मोबाइलसारखा टच पाण्यात चालत नाही, कारण त्याला पाणीही बोटासारखेच भासते; पहिला नमुना बादलीत टाकताच आपोआप उघडझाप करू लागला. मग पुण्याच्या तापकीर गल्लीतून बझरची पिझो चकती (दाब बदलला की वीज उमटणारी) आणून झाकणाच्या आतून चिकटवली. ती फक्त बदलत्या दाबाला दाद देते, त्यामुळे खोल पाण्याचा स्थिर दाब तिला जाणवत नाही, टिचकी मात्र जाणवते. दिवा खडकाला आपटून आपोआप पेटू नये म्हणून दोन टिचक्या ठेवल्या.

चार्जिंगच्या बाबतीत चूक माझीच होती. हौसेने संपूर्ण ॲल्युमिनियमची बॉडी केली आणि कॉइल तिच्या आत बसवली; चार्ज काहीच होईना, बूड मात्र गरम होई, कारण कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूतच विजेचे भोवरी प्रवाह फिरत होते. आता बूड प्लास्टिकचे असून कॉइल आणि सेल यांच्यामध्ये चुंबकीय क्षेत्र सेलपर्यंत पोचू न देणारा फेराइटचा पत्रा आहे. बंद डब्यात उष्णतेला वाट नसते, म्हणून सेल ४५ अंशांना पोचला की चार्जिंग थांबते.

अहवाल सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला. कुरिअरवाल्याने लिथियमचा सेल पाहून विमानाने न्यायला नकार दिला. त्यासाठी सेलचा वेगळा यूएन ३८.३ चा, म्हणजे वाहतुकीतल्या सुरक्षिततेचा, चाचणी अहवाल लागतो, तो पुरवठादाराकडून सुरुवातीलाच मागून ठेवायला हवा होता. दिवे शेवटी रस्त्याने मालवणला गेले. खोक्यावर ‘आयपी ६८’ च्या शेजारी ‘३० मीटर, १ तास’ हे मी त्याच आकाराच्या अक्षरांत छापून घेतले आहे.