शाळेपुढच्या रस्त्यावर झेब्रा पट्टे मिळवताना

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि निम्मी वस्ती दुसऱ्या अंगाला आहे. दिवाळीनंतर जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याकडे, जाणाऱ्या कापसाच्या गाड्या वाढतात आणि शाळा सुटते तेव्हाच त्यांची वर्दळ सर्वाधिक असते. तेथे झेब्रा पट्टे व गतिरोधक व्हावेत म्हणून आम्ही पालकांनी पाठपुरावा केला. इतर गावांना उपयोग व्हावा म्हणून तो लिहीत आहे.

पहिला प्रश्न रस्ता कोणाचा हा असतो. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारंगी असेल तर ग्रामसडक योजनेचा रस्ता, हे ओळखता येते. परंतु आमच्याकडील दगडाचा रंग पार उडालेला होता. म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला, ज्याला ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग निघाला.

त्यानंतर ग्रामसभेचा ठराव घेतला. ठरावात नुसते ‘ब्रेकर द्यावा’ असे न लिहिता मुले नेमकी कोठून ओलांडतात, वळण किती जवळ आहे आणि एसटी थांब्यावर उभ्या बसमागून येणारे वाहन कसे दिसत नाही, हे नकाशासह मांडले. याच मांडणीमुळे पाहणीला आलेल्या अभियंत्यांशी बोलणे नेमके झाले, असे माझे मत आहे.

गतिरोधकाबाबत मात्र गावातच मतभेद होते. अनेकांना सिमेंटचा उंच, अरुंद उंचवटा हवा होता. रस्त्यांचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे वाहने ताशी २५ किलोमीटरच्या आसपास येतात. अरुंद उंचवट्यावर दुचाकीस्वार पडतात आणि बाळंतपणासाठी तालुक्याला नेल्या जाणाऱ्या बाईला जीवघेणे हिसके बसतात. त्यामुळे अभियंत्यांनी दिलेला नकार मला पूर्णपणे योग्य वाटला.

अखेर नियमाप्रमाणे गतिरोधक झाला, आधी सूचना फलक लागले आणि थर्मोप्लास्टिक रंगाचे पट्टे आखले गेले. या रंगात काचेचे बारीक मणी असल्याने रात्री दिव्यांच्या उजेडात पट्टे चमकतात. पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी वाट देणे हे २०१७ च्या वाहनचालन विनियमांनुसार चालकाचे कर्तव्य आहे, तरी आमच्याकडे गाडी मंदावते ती गतिरोधकामुळेच, म्हणून एकटे पट्टे मागून थांबू नये, असे मी आवर्जून सांगेन. संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बाया तेथूनच ओलांडतात. त्यांच्यासाठी पट्ट्यांजवळ पथदिवा लावावा, असा अर्ज आता ग्रामपंचायतीकडे दिला आहे.