फायबर वाढवायचं, पण सावकाश

मनःस्थितीशी जोडलं जाणारं रसायन म्हणजे सेरोटोनिन. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, हे खरं आहे. पण त्यावरून 'अमुक खा, आनंदी व्हा' म्हणणं चूक. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपलं स्वतःचं बनवतो. आतड्याचे निरोप मेंदूपर्यंत पोहोचतात ते या दोघांना जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतून, रोगप्रतिकारशक्तीमार्फत आणि जिवाणूंनी तयार केलेल्या रसायनांतून.

या रसायनांतलं ब्युटिरेट विशेष महत्त्वाचं. न पचलेलं फायबर मोठ्या आतड्यात गेलं की जिवाणू ते आंबवतात आणि ब्युटिरेट बनतं. तिथल्या अस्तराच्या पेशींना बरीचशी ऊर्जा त्यातूनच मिळते. म्हणून सुरुवात फायबरपासून करावी. मोठ्या माणसाला रोज किमान २५ ग्रॅम लागतं.

बहुतेकांचं फसतं ते इथेच. दहा-बारा ग्रॅमवरून एकदम तीसवर उडी मारली की पोट फुगतं, गॅस होतो आणि चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं. जिवाणूंना वेळ द्या, आठवड्याला साधारण ५ ग्रॅमच वाढवा. सालीसकट एक सफरचंद म्हणजे सुमारे ४ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेला राजमा म्हणजे ६-७ ग्रॅम. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या. गॅस करणाऱ्या काही शर्करा त्यात उतरतात. पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठता उलट वाढेल. इतकं सावकाश घेऊनही पोट दुखत राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. आतड्याचा विकार असलेल्यांना काही प्रकारचं फायबर सोसत नाही.

दही किंवा आंबवलेल्या भाज्या रोज थोड्या घ्या, पण गरम करू नका. उष्णतेने जिवाणू मरतात, उरते फक्त चव.

मनावरचा परिणाम आठवड्यात जोखू नका. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्य असलेले ६७ जण होते. १२ आठवड्यांनी आहार सुधारलेल्या गटातले सुमारे ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, फक्त सोबत-गप्पांचा आधार मिळालेल्या गटातले ८ टक्के. चाचणी लहान होती, आणि त्यातल्या बहुतेकांचे उपचारही चालूच होते. तेव्हा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आहार त्यांच्या जोडीला ठेवा. गोळ्या स्वतःहून बंद करू नका.