पुडी खिशातच होती

हरभरा घाट्यांवर आला की आमच्याकडं उंदराचं औषध खाल्लेली कुत्री यायला लागतात. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी पशुवैद्यक आहे. रोजचं काम म्हशी, शेळ्या, बैलांचं. कुत्रं आलंच तर बहुधा उशिरा.

त्या सकाळी मात्र अर्ध्या तासात आलं. पोरगा गाडी चालवतोय, मागं आजी, तिच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं कारवान जातीचं शिकारी कुत्रं. आजीच्या हातात दुधाची बाटली. "मॅडम, आधी दूध पाजू द्या, वीख उतरंल."

मी बाटली काढून घेतली. आजी चिडल्या, ते साहजिकच होतं. पोराला विचारलं, औषध कसलं? त्यानं खिशातून पुडी काढून दिली. काळपट पावडर, झिंक फॉस्फाइड. निम्मं काम तिथंच झालं. निळी-गुलाबी वडी असती तर गोष्ट निराळी. त्यात रक्त गोठत नाही, कुत्रं तीन-चार दिवस मजेत हिंडतं आणि मग नाकातून रक्त येतं. त्याला व्हिटॅमिन के चालतं. या काळ्या पावडरीला उताराच नाही. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू सुटतो, तोच जीव घेतो. आणि पोटात काही पडलं, दूधसुद्धा, की आम्ल वाढतं.

शेतकरी करतात ते आमिष तसं साधंच: ज्वारीचा भरडा 48 भाग, गोडतेल 1 भाग, पावडर 1 भाग. कुत्र्याला ते खाऊच वाटतं.

कुत्रं शुद्धीत होतं, झटके नव्हते, म्हणून उलटी काढायची ठरवलं. खोलीत नाही, वायू माणसालाही बाधतो. बाहेर लिंबाखाली, वाऱ्याकडं पाठ करून सगळ्यांना उभं केलं. आधी ॲसिडिटीचं पातळ औषध पाजलं, मग उलटीचं इंजेक्शन. दहा मिनिटांत भरडा बाहेर पडला आणि लसणाचा उग्र वास सुटला. आजी पदर नाकाला लावून म्हणाल्या, "आई गं, लसूण कुठून खाल्ला यानं?" घरी मिठाचं पाणी पाजून आणलेली कुत्री मी पाहिलीत. त्यांच्यात विखाच्या जोडीला मिठाचाही त्रास निस्तरावा लागतो.

मग सलाईन.

"आमिषाचे गोळे किती ठेवले होते?" मी विचारलं.

"आठ."

"अन् राहिले किती?"

त्यानं घरी फोन लावला. बांधावर पाच सापडले. म्हणजे कुत्र्यानं तीन खाल्ले, की दोन, अन् एक कुठं तरी पडलाय? पोराचा चेहरा उतरला. कुत्रं आजीच्या हवाली करून तो गाडी काढून परत शेतावर गेला.

दुपारी कुत्र्यानं मान वर केली. यकृतासाठी अजून दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागणार होतं. चारच्या सुमारास पोराचा फोन आला. आठवा गोळा शेळ्यांच्या गव्हाणीत सापडला होता, कडब्याखाली.