आमची वाटचाल : अडीच इंचांची माया

सोलापूरचं नाव चादरींमुळे झालं असलं तरी इथे शाळेचे गणवेश शिवणारेही पुष्कळ आहेत. आमचा कारखाना त्यातलाच एक, अकरा मशिनींचा. सुरुवात मात्र हातातल्या सुईवर झाली. दुसऱ्यांच्या ट्युनिकांचे गठ्ठे घरी यायचे आणि मी नि सासूबाई नगावर हातशिलाई करायचो. घेर दुमडायचा, सुईच्या टोकाने कापडाचा एखादाच धागा उचलायचा. सुलट बाजूला टाका दिसता कामा नये. एका ट्युनिकला वीस मिनिटं जायची.

स्वतःच्या ऑर्डरी घेऊ लागलो तेव्हा बरेच जण म्हणाले, सरळ टीप मारा, वेळ वाचेल. मला ते पटेना. मुली भराभर वाढतात, म्हणून आम्ही खाली अडीच इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, ठेवतो. घेरावरची टीप उसवली की भोकांची रेघ उरते आणि जुना गणवेश लांब केलाय हे वर्गभर कळतं. माझ्या लहानपणी मी ती रेघ घालून शाळेत गेले आहे.

म्हणून कर्ज काढून तुरपाईचं, म्हणजे घेराला न दिसणारे टाके घालणारं, जुनं मशीन घेतलं. त्याची सुई वाकडी असते, उभी न चालता आडवी झुलते. खालून एक चकती कापडाला उचलून धरते आणि सुई त्याला वरच्यावर चाटून जाते. चकती किती उचलायची ते चाकीवर ठरतं. केसभर जास्त झाली की सुलट बाजूला टिंबं दिसतात. प्रत्येक कापडाला आधी चिंधीवर टाका बघायचा. पातळ कापडाला एकाआड एक टाकाच वरचं कापड धरेल, असा खटका लावायचा.

पहिल्याच हंगामात एका शाळेकडून निम्मा माल परत आला, घेर लोंबत होते. या मशिनीला बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची फिरकी, नसते. एकाच दोऱ्याची साखळी. शेवटचं टोक मोकळं राहिलं की ओढताच सगळी साखळी सुटते. सगळे नग पुन्हा शिवले, शाळेची माफी मागितली. तेव्हापासून सुरुवातीच्या टाक्यांवर दोन बोटं पुढे जाऊन टोक हाताने गाठवतो.

2020 साली मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, जूनचा माल तसाच पडून राहिला. दोन मशिनी विकाव्या लागल्या, तुरपाईची ठेवली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरपासून शाळा टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या, तसे आईबाप जुने ट्युनिक घेऊन दारात आले. मुली उंच झालेल्या, नव्याला पैसे नाहीत. आम्ही गाठ कापून दोरा ओढायचो आणि अख्खा घेर एका दमात मोकळा व्हायचा. व्हिनेगरच्या पाण्याचा बोळा फिरवून मोड इस्त्रीने घालवायचो आणि खाली अर्ध्या इंचाची दुमड घालून पुन्हा तुरपाई. त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

आता ती गाठ आम्ही प्रत्येक ट्युनिकला डाव्या कडेच्या शिवणीपाशीच घालतो. गणवेश देताना आईला ती जागा बोटाने दाखवतो.